न दिसणाऱ्या किरणांना कुंपण

मोटारीच्या टायरवरची नक्षी ज्या धातूच्या साच्यात उमटते, त्या साच्यात दर टायरमागे थोडे थोडे किटण साचत जाते. बरेच टायर निघाले की नक्षीच्या कडा बुजू लागतात. पूर्वी असे साचे बारीक मण्यांचा किंवा वाळूचा मारा करून साफ करीत. त्याने किटण जाई, पण साचाही झिजे. आता कित्येक कारखान्यांत हे काम लेसर करतो. मेमन यांनी १९६० मध्ये पहिला लेसर चालवला आणि १९७२ मध्ये अ‍ॅस्मस यांनी व्हेनिसमधल्या संगमरवरी मूर्तींवरची काजळी लेसरने उडवून दाखवली. तेव्हा ही युक्ती तशी जुनीच आहे.

या कामासाठी बहुधा १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचे अवरक्त किरण वापरतात. ते अखंड नसतात. सेकंदाला हजारो स्पंद निघतात आणि एकेक स्पंद सेकंदाच्या कोट्यंशाइतकाच टिकतो. काळे किटण हे किरण शोषून घेते, इतके झटपट तापते की त्याची वाफ होते किंवा ते उडून जाते. खालच्या धातूपर्यंत उष्णता पोचायला सवडच मिळत नाही. किटण संपून धातू उघडा पडला, की तो बहुतेक किरण परत फेकतो. स्वच्छ, गुळगुळीत अ‍ॅल्युमिनियम तर सुमारे नऊ-दशांश किरण परत पाठवते. म्हणून साचा बचावतो.

पण परत फेकलेले किरण जातात कुठे? जे परावर्तन साच्याला वाचवते, तेच माणसाच्या डोळ्यावर उठते. काम जसजसे पुरे होत येते, तसतसा साच्याचा आरसा होत जातो आणि धोका वाढतो. वेल्डिंगच्या ठिणगीचा प्रकाश सर्व दिशांना पसरतो; अंतर दुप्पट केले की त्याची तीव्रता चौथाई होते, हा व्यस्त वर्गाचा नियम तुम्ही शिकलाच आहात. गुळगुळीत धातूवरून उसळलेली लेसर शलाका इतक्या लवकर विरत नाही. म्हणून वेल्डिंगचा पडदा येथे चालेल, असे गृहीत धरता येत नाही.

आता डोळ्याचे पाहू. ४०० ते १४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण डोळ्याच्या भिंगातून आत जाऊन दृष्टिपटलावर एकवटतात आणि तेथे त्यांची तीव्रता सुमारे लाखपट होते. यांतले ७०० च्या पुढचे किरण आपल्याला जवळजवळ दिसत नाहीत. दिसत नाहीत म्हणून पापणी मिटत नाही. दृष्टिपटलाला वेदनेची जाणीव नसते. जळालेला भाग पुन्हा उगवत नाही. माणसाला कळते ते नजरेसमोर काळा ठिपका आल्यावर.

तेव्हा लेसरभोवती पेटी हवी, हे ठरले. ती कशाची करायची? बाजूच्या भिंतींचा प्रश्न सोपा आहे. पोलादी पत्रा घ्यावा, आतून चकाकी नसलेला. खरी अडचण खिडकीची. काम चालू असताना आत पाहायला तर हवे!

येथे एक प्रयोग करून पाहा. दूरदर्शन संचाच्या रिमोटचे बटण दाबून त्याचे टोक मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहा (सेल्फीचा कॅमेरा बहुधा अधिक चांगला). अवरक्त दिवा लुकलुकताना दिसेल. मध्ये साधी काच धरा, स्वच्छ अ‍ॅक्रिलिक धरा. दिवा दिसतच राहील. काही रिमोटच्या टोकाला काळसर प्लॅस्टिकचे झाकण असते. आपल्याला ते अपारदर्शक वाटते, पण किरण त्यातून खुशाल बाहेर येतात. (लेसर घेऊन मात्र हा प्रयोग कधीही करू नये.) याउलट, लेसरसाठी बनवलेल्या काही हिरवट तावदानांतून आतले काम चांगले दिसते आणि १०६४ चे किरण मात्र अडतात. डोळ्याला दिसणाऱ्या रंगावरून खिडकी निवडणे म्हणजे आंधळी कोशिंबीर आहे. तावदानावर तरंगलांबी लिहिलेली असते, ती वाचावी.

त्या आकड्याशेजारी दुसरा आकडा असतो, प्रकाशीय घनतेचा. १ म्हणजे दशांश किरण पार जातात, २ म्हणजे शतांश, ३ म्हणजे सहस्रांश. किती घनता हवी? समजा, २०० वॅटची १ सेंटिमीटर व्यासाची शलाका २० सेंटिमीटर नाभीय अंतराच्या भिंगातून जाते. नाभीपलीकडे २० सेंटिमीटरवर तिचा व्यास पुन्हा १ सेंटिमीटर होईल आणि दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २५५ वॅट पडतील. दहा सेकंदांसाठी डोळ्याची मर्यादा आहे ५ मिलिवॉट. भागाकार ५१,००० येतो. म्हणजे घनता ५ हवी. तेच तावदान नाभीपासून २ मीटरवर नेले, तर व्यास १० सेंटिमीटर, तीव्रता शंभरपट कमी, आणि घनता ३ पुरेल. अखंड शलाका मानून केलेला हा शाळकरी हिशेब झाला. स्पंदांसाठी मर्यादा अधिक कडक असते, म्हणून प्रत्यक्षात याहून मोठा आकडा घेतात.

घनता पुरेशी असली तरी काम संपत नाही. २०० वॅट एका नखाएवढ्या जागेवर पडले तर प्लॅस्टिक वितळेल आणि भोक पडल्यावर घनता कसली? म्हणून अडसर किती वेळ टिकतो, हेही तपासतात. आंतरराष्ट्रीय मानकात त्याच्या तीन पायऱ्या आहेत: माणूस सतत लक्ष ठेवून असेल तर १० सेकंद, अधूनमधून पाहत असेल तर १०० सेकंद, आणि यंत्र आपोआप चालत असेल तर ३०,००० सेकंद, म्हणजे आठ तासांहून अधिक. माझ्या मते साच्यासारख्या पेटीत मावणाऱ्या वस्तूंसाठी खिडकी लहान ठेवावी. कॅमेरा बसवून खिडकीच टाळली तर अधिक बरे. पुलाची तुळई पेटीत मावत नाही. तेथे जागेभोवती लेसररोधक पडदे लावतात. पण आत काम करणाऱ्याला पडद्याचा काहीच उपयोग नसतो. त्याच्या डोळ्यांवर त्याच तरंगलांबीचा चष्मा लागतोच.

उडालेले किटण हवेत तरंगते आणि जुन्या रंगात शिसेही असू शकते. म्हणून पेटीला धूर ओढणारी नळी लागते. नळीचे भोक सरळ ठेवले तर त्यातून किरणही निसटतील, तेव्हा मार्गात आडव्या पट्ट्या घालून वाट वाकडी करतात. हवा वळते, किरण वळत नाहीत. पट्टीपट्टीवर आपटून ते क्षीण होतात.

राहिला दरवाजा. तो उघडताच लेसर बंद पडावा असा खटका त्याला जोडतात. घाईच्या वेळी हा खटका तार बांधून दाबून ठेवण्याचा मोह होतो, हे ओळखून चांगल्या यंत्रांत दोन स्वतंत्र खटके ठेवतात. एकाने 'दार बंद' सांगितले आणि दुसऱ्याने 'उघडे', तर यंत्र सुरूच होत नाही.