सत्तावन्न टक्क्यांची जिन

इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर प्लिमथ बंदराच्या बार्बिकन या जुन्या भागात, डोमिनिकन भिक्षूंचा मठ म्हणून परंपरेने सांगितल्या जाणाऱ्या एका पंधराव्या शतकातील दगडी वास्तूत, ब्लॅक फ्रायर्स नावाची भट्टी १७९३ पासून जिन गाळीत आली आहे. बंदर आरमाराचे, तेव्हा गिऱ्हाईकही आरमाराचे. खलाशांच्या वाट्याला रम आणि अधिकाऱ्यांच्या मेजावर जिन असा त्या जहाजांवरचा रिवाज होता, आणि त्याची आठवण ठेवून ही भट्टी नेहमीच्या ४१.२ टक्क्यांच्या जिनबरोबर ५७ टक्के मद्यार्काची एक जहाल जिनही बाटल्यांत भरते.

या आकड्याविषयी एक आख्यायिका सांगतात: बंदुकीच्या दारूवर मद्य ओतून बत्ती लावावयाची, आणि भिजलेली पूड तरीही पेटली तर मद्य कसास उतरले असे समजावयाचे. परंतु सरकारदरबारी कौल लागला तो बत्तीने नव्हे, तराजूने. १८१६ च्या कायद्याने बार्थॉलोम्यू साइक्स यांच्या घनतामापकास मान्यता दिली, आणि ५१ अंश फॅरनहाइट तपमानास ज्या मद्याचे वजन तेवढ्याच आकारमानाच्या शुद्ध पाण्याच्या बारा-तेरांश भरेल ते ‘प्रूफ’ असा दंडक घालून दिला. त्या मद्यातील मद्यार्क सत्तावन्न टक्क्यांच्या किंचित वर भरतो. आपल्या अबकारी खात्याने हेच माप पत्करले. आपल्याकडील बाटल्यांवर छापलेला ४२.८ हा आकडा त्याच प्रूफाचा पाऊण हिस्सा आहे, आणि ‘प्रूफ लिटर’ हा शब्दही त्या दप्तरातून गेलेला नाही.

तरीही या जिनची थोरवी तिच्या जहालपणात आहे असे जे मानतात, त्यांच्याशी माझा मतभेद आहे. गव्हाच्या शुद्ध मद्यार्कात जुनिपरची फळे (आयुर्वेदातील हपुषा ती हीच), धने, वेलदोडे, संत्र्याची व लिंबाची वाळवलेली साल, अँजेलिकाचे मूळ आणि आयरिसचे मूळ ही सात द्रव्ये घालून तांब्याच्या पात्रात ऊर्ध्वपातन केले जाते. प्रारंभीचा आणि अखेरचा अंश बाजूला काढून मधला तेवढा ठेवतात आणि डार्टमूरच्या माळावरील मृदू पाण्याने तो इष्ट तीव्रतेस आणतात. द्रव्यांतील सुगंधी तेले मद्यार्कात विरघळतात, पाण्यात नाही. म्हणून मद्यार्क जितका अधिक, तितका सुगंध बाटलीत टिकून राहतो. नेहमीच्या जिनमध्ये हे पाणी भट्टीवालाच घालून देतो. येथे त्यातील बराचसा भाग त्याने पिणाऱ्याच्या हाती सोपविला आहे, आणि माझ्या मते या जिनचे सारे मर्म त्यातच आहे.

आस्वाद घेताना तोंडाशी निमुळता होत गेलेला छोटा पेला घ्यावा, बर्फ मुळीच घालू नये, आणि नाक पेल्यात खुपसू नये, कारण पहिल्या झोतात मद्यार्काच्या तिडिकीखेरीज काहीच कळत नाही. दोन-चार थेंब जिभेवर घेऊन तीव्रतेची ओळख करून घ्यावी, मग पेल्यातील जिनइतकेच थंड पाणी सावकाश ओतावे. तेलांना आता पुरेसा मद्यार्क उरत नाही, ती सुटू लागतात आणि क्वचित द्रवावर पुसटसा धुरकटपणाही येतो. पुन्हा हुंगावे: आधी जुनिपरचा राळेसारखा दर्प, मागोमाग संत्र्याच्या सालीचा गोडवा, आणि घोट गिळल्यानंतर बऱ्याच वेळाने वेलदोडा, तोही किंचित तिखटपणे, मुळांचा मातकट कोरडेपणा या सर्वांना तळाशी धरून असतो.

आरमारी अधिकाऱ्यांची पद्धत याहून साधी. अंगोस्तुरा बिटर्सचे तीन-चार थेंब पेल्यात फिरवून त्याच्या आतल्या बाजूला लेप द्यावयाचा, वर जिन ओतावयाची आणि थंड पाणी बेताने मिसळावयाचे, म्हणजे फिकट गुलाबी ‘पिंक जिन’ तयार होते. यजमानाने पाण्याची झारी वेगळी ठेवावी आणि किती पाणी घ्यावयाचे ते पाहुण्यावर सोपवावे. टॉनिक वॉटरबरोबर द्यावयाची झाल्यास माप मात्र आपल्या हाती राखावे: या जिनचे २५ मिलिलिटर म्हणजे नेहमीच्या प्लिमथ जिनचे सुमारे ३५, तेव्हा सवयीचा मोठा पेग येथे पाहुण्याशी दगलबाजी ठरेल.