सकळ लिपी: पोथी कुणाची, लपवली कुणापासून?

शिरड शहापूरच्या जैन मंदिरातली मल्लिनाथाची मूर्ती मुळात अर्धापूरची. भट्टारकांनी, म्हणजे जैन धर्मगुरूंनी, ती तिथून हलवली आणि ती आमच्या गावात येऊन राहिली, असे इथे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. मूर्ती जागची हलली की तिच्यामागे गोष्टी लागतात. कुणी आणली, का आणली, खरी कुणाची, या प्रश्नांना मग अंत नसतो. पण मूर्ती निदान डोळ्यांना दिसते. ज्याला देव मानायचा तो मानतो, ज्याला दगड पाहायचा तो दगड पाहतो. पोथीचे तसे नाही. ती हातात आली तरी हाती लागतेच असे नाही. आणि मराठीत अशा पोथ्यांचा एक मोठा साठा आहे, जो पाचशे वर्षांहून अधिक काळ परक्या माणसाला वाचताच येऊ नये अशा बेताने लिहिला गेला.

महानुभाव पंथाच्या या पोथ्या. रुमाल सोडला, फळी बाजूला केली की वरचे पान अगदी ओळखीचे वाटते. नागरीचे वळण, काळीभोर शाई, सरळ ओळी. वाचायला लागावे तर जीभ अडखळते. बरीचशी अक्षरे आपलीच, मध्येच एखादी अनोळखी खूण, आणि शब्द मात्र ना मराठी ना संस्कृत. हीच सकळ लिपी. तिच्या जोडीला सुंदरी, पारमांडल्य, कवीश्वरी, अंक, शून्य, सुभद्रा, वज्र अशी आणखी कितीतरी नावे पंथात सापडतात.

जगात अशा ग्रंथाचा विषय निघाला की नाव निघते व्हॉयनिच पोथीचे. विल्फ्रिड व्हॉयनिच या जुन्या पुस्तकांच्या व्यापाऱ्याने १९१२ साली ती इटलीत विकत घेतली. आज ती अमेरिकेत येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयात ४०८ क्रमांकाखाली आहे. कातड्याच्या पानांची कार्बन तपासणी झाली, ती पाने १४०४ ते १४३८ या काळातली निघाली. सम्राट दुसरा रुडॉल्फ याने तिच्यासाठी ६०० डुकाट मोजले, असे सतराव्या शतकातल्या एका पत्रात ऐकीव म्हणून नोंदले आहे. मालकांची साखळी अशी बऱ्यापैकी जुळते, पण आतला मजकूर आजतागायत कुणाला उमगलेला नाही. आपल्याकडे नेमके उलट आहे. मजकूर वाचता येतो, किल्ली छापून शंभर वर्षे झाली. वाद उरला आहे तो ही लिपी कुणी केली, कशासाठी केली आणि या पोथ्यांवर हक्क कुणाचा, एवढ्याचा. व्हॉयनिचवर इंग्रजीत कपाटे भरतील इतकी पुस्तके निघाली. सकळ लिपी आपल्याकडे वाङ्मयेतिहासाच्या पाठ्यपुस्तकात दोन ओळींत उरकली जाते.

त्या दोन ओळी बहुतेक अशा असतात: परकीय आक्रमणाच्या भीतीने महानुभावांनी आपले वाङ्मय सांकेतिक लिपीत बंद केले. हे विधान इतके रुळले आहे की त्यावर कुणी थांबत नाही. आपण जरा थांबू.

पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांचा काळ तेराव्या शतकाचा. म्हाइंभटांनी स्वामींच्या आठवणी गोळा करून लीळाचरित्र सिद्ध केले ते १२७८ च्या सुमारास, रिद्धपुरात. पंथाची सूत्रे हाती घेतलेल्या नागदेवाचार्यांचा कटाक्ष होता की लिहायचे ते मराठीत. संस्कृतात लिहिले तर आपल्या साध्याभोळ्या माणसांचे, म्हाताऱ्या बायकांचे काय होणार, ही त्यांची काळजी. म्हणजे ज्या पंथाने भाषा सगळ्यांना खुली केली, त्यानेच पुढे लिपी बंद केली. हा पेच परकीय आक्रमणाच्या एका वाक्याने सुटत नाही.

सकळ लिपीचे कर्तेपण पंथपरंपरा रवळोबासांना देते आणि काळ चौदाव्या शतकाचा सांगते. तोवर देवगिरीचे यादव संपले होते, दिल्लीचा अंमल बसला होता, लूटमार झाली होती. भीती खोटी नव्हती. पण लुटायला आलेला शिपाई पोथी वाचत बसत नाही. तो ती नेतो, फाडतो नाहीतर चुलीत घालतो. नागरी अक्षर ज्याला मुळात वाचताच येत नाही त्याच्यापासून मजकूर लपवायला अक्षरांची अदलाबदल कशाला हवी? लिपी बदलायची गरज पडते ती वाचता येणाऱ्या माणसासाठी. असा माणूस शेजारच्या गल्लीत राहणारा होता. शास्त्री होता, पुराणिक होता, कुलकर्णी होता.

आणि त्याच्याशी महानुभावांचे वाकडे का असावे, हे उघड आहे. वेदांचे प्रामाण्य आणि वर्णाची उतरंड या दोन्हींबाबत पंथाचा मार्ग वेगळा होता. संन्यास स्त्रियांना आणि शूद्रांनाही खुला होता. हे गावात सहज पचणारे नव्हते. ‘करणी कसाबाची, बोलणी मानभावाची’ (मानभाव म्हणजे महानुभाव) ही म्हण आपल्या भाषेत उगाच रुजलेली नाही. पेशवाईत १७८२ साली मानभावांना धर्मबाह्य ठरवणारे आज्ञापत्र निघाल्याचा दाखला अभ्यासक देतात. तो चौदाव्या शतकाचा पुरावा नव्हे, पण त्या वैराची लांबी त्यावरून कळते. तेव्हा आक्रमणापेक्षा शेजाऱ्याची भीती हे कारण मला जास्त पटते.

तरी तेही अपुरे पडते. समजा पंथाबाहेरच्या वाचकाला अडवणे एवढाच हेतू होता. मग एक लिपी पुरली असती. इतक्या लिप्या कशाला? नागदेवाचार्यांनंतर पंथात तेरा आम्नाय, म्हणजे गुरुपरंपरेच्या शाखा, झाल्या. उपाध्य, कवीश्वर, पारमांडल्य ही त्यांतली मोठी नावे. आता वरची लिप्यांची यादी पुन्हा वाचा: पारमांडल्य लिपी, कवीश्वरी लिपी. आम्नायांचीच नावे लिप्यांना आहेत. म्हणजे निदान काही लिप्यांचे तोंड पंथाच्या आतच होते. आमच्या गुरूंचा पाठ, आमच्या गुरूंची टीका, ती आमच्या शिष्यालाच कळावी, पलीकडच्या मठातल्याला नको. ज्याने उपदेश घेतला, ज्याला अधिकार मिळाला, त्यालाच लिपी शिकवायची, हा त्यामागचा व्यवहार. माझ्या मते सकळ लिपी जन्मली असेल शेजाऱ्याच्या धाकाने, पण टिकली आणि वाढली ती मठामठांतल्या सोवळ्याने. शिवाय पुढे तर ती निव्वळ सवय झाली. कृष्णाच्या लग्नाची काव्येही या लिपीत उतरवलेली सापडतात. रुक्मिणीस्वयंवरात लपवण्यासारखे ते काय असणार?

लिपीची कल्पनाही कुठून आकाशातून पडलेली नव्हती. वात्स्यायनाच्या चौसष्ट कलांत ‘म्लेच्छितविकल्प’ म्हणजे गुप्त लिहिण्या-बोलण्याची कला आहे. तिच्यावर भाष्य करताना यशोधराने जयमंगला टीकेत कौटिलीय आणि मूलदेवीय अशा पद्धती सांगितल्या आहेत, त्यांत अक्षरांच्या जोड्या लावून एकाच्या जागी दुसरे लिहायचे असते. सकळ लिपीचा पायाही अदलाबदलीचाच. रवळोबासांनी तो टीकाग्रंथ पाहिला होता असे म्हणायला आधार नाही, पण ही विद्या पंडितांच्या कानावर असणारच.

अदलाबदल कशी चालते ते बघा. हे उदाहरण माझे आहे, सकळ लिपीची खरी किल्ली नव्हे. समजा म आणि क यांची जोडी लावली, र आणि त यांची लावली, ठ आणि ल यांची लावली, काना-वेलांट्या जागच्या जागी ठेवल्या. मग ‘मराठी’ लिहायचे तर कागदावर उमटेल ‘कताली’. पानभर असे लिहिले तर चांगला शिकलेला माणूसही हात टेकेल.

पण तोडायला बसलेल्याला ते फार काळ अडवणार नाही. कोणत्याही मराठी मजकुरात काही अक्षरे वारंवार येतात, काही क्वचित, तेव्हा मोजणी करत गेले की अंदाज बांधता येतो. त्याहून सोपी वाट पोथीच्या पहिल्याच ओळीत असते. महानुभाव पोथीचा आरंभ साधारणपणे ‘श्रीपरेशाय नमः’ असा. ही ओळही त्याच लिपीत असेल तर श, र, प, य, न, म ही सहा व्यंजने एका दमात हाती आली. पुढे श्रीचक्रधर आणि त्यांचे गुरू श्रीगोविंदप्रभू ही नावे पानोपानी यायचीच. मग उरलेले काम चिकाटीचे.

ही चिकाटी दाखवणाऱ्यांत दोन नावे घेतात, इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आणि ठाण्याचे वि. ल. भावे. पंथाबाहेरच्या या माणसांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लिपीचा उलगडा केला आणि मराठी वाङ्मयाचा इतिहास एका झटक्यात मागे सरकला. तोवर ज्ञानेश्वरीच्या काळातले गद्य आपल्याजवळ आहे, तेही इतके बोलके, याचा बाहेरच्या वाचकाला पत्ताच नव्हता. भाव्यांनी महाराष्ट्र सारस्वतात महानुभावांना जागा दिली. यवतमाळचे य. खु. देशपांडे यांचे ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ १९२५ साली आले. नागपूरच्या ह. ना. नेने यांनी लीळाचरित्र छापून काढले. इयान रेसाइड यांनी लंडनहून महानुभाव ग्रंथांची सूची केली. ॲन फेल्डहाउस यांनी तर गोविंदप्रभूंचे चरित्र, शं. गो. तुळपुळ्यांच्या सोबतीने स्मृतिस्थळ आणि आता लीळाचरित्र असे काम इंग्रजीत उभे केले. आयुष्यभराचे काम आहे ते.

आता मालकीकडे येऊ. कारण पंथाच्या स्वतःच्या आठवणीतच हा प्रश्न पहिल्यापासून आहे. नरेंद्र कवीचे रुक्मिणीस्वयंवर ऐकून रामदेवराव यादव खूश झाला. काव्य माझ्या नावावर कर, ओवीमागे सोने देतो, म्हणाला. नरेंद्राने नाकारले. राजाने पोथी ठेवून घेतली, तेव्हा भावंडांनी पाठ होत्या तेवढ्या नऊशेच्या आसपास ओव्या रातोरात लिहून काढल्या, अशी कथा पंथात सांगतात. कथा म्हणूनच ती घ्यावी. पण पोथी राजाच्या घरात आणि काव्य कवीच्या तोंडात, हा भेद त्या काळच्या माणसांना किती स्पष्ट होता ते त्यात दिसते.

लीळाचरित्राचे तर त्याहून बिकट झाले. म्हाइंभटांची मूळ पोथी धामधुमीत गेली, असे परंपरा सांगते. मग ज्यांना मुखोद्गत होती त्यांच्याकडून ती पुन्हा उभी केली गेली. यात हिराइसा या साध्वीचे नाव आदराने घेतात. एकाच्या आठवणीतला पाठ एक, दुसऱ्याच्या आठवणीतला दुसरा. म्हणून आज लीळाचरित्राचे पाठ अनेक आहेत आणि प्रत्येक पाठामागे एखादी गुरुपरंपरा उभी आहे. यातला कुठला खरा, हा प्रश्न संपादकाच्या टेबलावर कागदोपत्री सुटतो, मठात सुटत नाही. वि. भि. कोलते यांनी अनेक हस्तलिखिते ताडून केलेली आवृत्ती राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाने १९७८ साली काढली, तेव्हा त्यातल्या काही लीळांवरून पंथीयांनी जोरदार हरकत घेतली. कोलते परके नव्हते, आयुष्य त्यांनी याच वाङ्मयात घातले होते. तरी वाद व्हायचा तो झाला. संशोधकाला तो प्राचीन मराठीचा ग्रंथ वाटतो, वासनिकाला, म्हणजे पंथाच्या गृहस्थ अनुयायाला, ते देवाचे वचन वाटते. दोघांचेही म्हणणे मला खरे वाटते, आणि म्हणूनच त्या भांडणात न्यायाधीश व्हायची माझी तयारी नाही.

या पोथ्या महाराष्ट्रापुरत्या राहिल्या नाहीत, हेही ध्यानात घ्यायला हवे. पंथ उत्तरेत गेला, पंजाबात त्याला जयकृष्णी म्हणू लागले, मठ थेट पेशावरपर्यंत पोहोचले. तिथल्या अनुयायांची घरची भाषा पंजाबी, पण धर्मग्रंथ मराठी. आमच्या भागात पोरांना जुनी मराठी नको होते आणि तिकडे माणसे ती श्रद्धेने पाठ करत होती. आपल्या भाषेचा तिथला वारस कुणाला म्हणायचे, याचा विचार मराठीचे नाव घेऊन गळा काढणाऱ्या सभांतून कधी ऐकू येत नाही.

आणि लपवण्याचा हिशेब? तो दोन्ही बाजूंनी मांडावा लागतो. लिपी बंद असल्यामुळे बाहेरच्याने घुसडाघुसड केली नाही, तेराव्या शतकातले बोलणे पुष्कळसे तसेच टिकले. अभ्यासक हे ऋण मान्य करतात. पण त्याच बंदपणाने महानुभावांविषयी वाटेल त्या गैरसमजुती शतकानुशतके पोसल्या गेल्या, कारण खरे काय ते दाखवायला कागद उघडाच नव्हता. मराठी वाङ्मयाचे नुकसान तर झालेच. मुकुंदराज, ज्ञानदेव, नामदेव, एकनाथ अशी जी सलग ओळ आपण शाळेत शिकलो, तिच्या शेजारून वाहणारा हा दुसरा प्रवाह पुढच्या कवींना जवळजवळ दिसलाच नाही. इथून जवळच्या नरसीचे नामदेव आणि महानुभावांचे ग्रंथकार यांचा काळ लागूनच आहे, पण एकाचे वाङ्मय दुसऱ्याच्या श्रोत्यांपर्यंत पोहोचायला राजवाडे-भावे जन्मावे लागले.

रिद्धपुरात आता मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. म्हाइंभटांनी जिथे लीळा जुळवल्या तिथेच ते आहे, ही चांगली गोष्ट. पण विद्यापीठाच्या इमारतीत पोथ्या आपण होऊन चालत येणार नाहीत. त्या मठांत आहेत, वासनिकांच्या घरी देव्हाऱ्याशेजारी आहेत, काही वाटणीत भावाभावांत पानापानांनी विभागल्या गेल्या आहेत. मठाकडून पोथी काढून घेणे हा उपाय नव्हे. ज्यांनी ती सातशे वर्षे सांभाळली त्यांना बाजूला सारून कुठलेही संशोधन उभे राहू नये. मूळ पोथी जागेवर राहू द्यावी, छायाप्रत विद्यापीठाकडे यावी आणि तिच्यावर मठाचे, आम्नायाचे नाव असावे. इतके केले तरी मालकीचा निम्मा वाद मिटेल.

औंढा, वसमत, कळमनुरी भागातल्या वाचकांना एक विनंती. घरात जुने बाड असेल आणि अक्षर ओळखीचे असून वाचता येत नसेल, तर ते रद्दीत घालू नका, भंगारवाल्याला देऊ नका, पाने सुटी करून वाटू नका. पहिल्या आणि शेवटच्या पानाचा मोबाइलवर स्वच्छ फोटो काढा. शेवटच्या पानावर लेखकाचे नाव, शक आणि गाव असण्याची शक्यता जास्त. मग जवळच्या महानुभाव मठात जा, दंडवत प्रणाम म्हणा आणि महंतांना तो दाखवा. त्यांना लिपी येत असेल तर ते वाचून सांगतील, येत नसेल तर ज्याला येते त्याचे नाव सांगतील.