कंपाचें एकस्व

दूरचित्रवाणीच्या पडद्यासमोर बसून मुलें जे खेळ खेळतात, त्यांत हातीं धरावयाचें एक यंत्र असतें. मुलें त्यास कंट्रोलर म्हणतात. पडद्यावरील मोटार भिंतीवर आदळली कीं हें यंत्र मुलाच्या तळहातांत थरथरूं लागतें. यांत भुताटकी कांहीं नाहीं. यंत्राच्या दोन मुठींत दोन चिमुकल्या विजेच्या मोटारी असतात आणि त्यांच्या आंसांवर मुद्दाम एका अंगास झुकतीं ठेवलेलीं वजनें असतात. एक जड, एक हलकें. आंस फिरला कीं वजन ओढ खातें आणि मूठ थरथरते. कपडे धुण्याच्या यंत्रांत ओलीं लुगडीं व चादरी एका बाजूस गोळा झाल्या म्हणजे तें यंत्र न्हाणीघरांत कसें नाचूं लागतें, हें आमच्या भगिनीवर्गास सांगावयास नको. त्याच नाचाची ही खिशांत मावणारी आवृत्ति.

या थरथरीवरून अमेरिकेंत पांच वर्षें कज्जा चालला. कॅलिफोर्नियांतील इमर्शन नांवाच्या एका लहानशा कंपनीनें २००२ सालीं सोनी व मायक्रोसॉफ्ट या दोन बलाढ्य मंडळींवर फिर्याद लावली कीं, यंत्राकडून हातास स्पर्शाची जाणीव करून देण्याच्या युक्तीचें पेटंट आमचें आहे. मायक्रोसॉफ्टनें पुढल्या वर्षीं तडजोड केली. सोनी लढली. २००४ सालीं ज्यूरीनें तिला ८ कोटि २० लक्ष डॉलर भरावयास सांगितले. अपील चालूं असतांनाच २००६ सालीं सोनीचा नवा कंट्रोलर निघाला, तो थरथरीवांचूनच. कारण असें सांगण्यांत आलें कीं, या यंत्रांत हाताची हालचाल ओळखण्याची नवी सोय केली आहे आणि कंपानें तिला व्यत्यय येतो. मग २००७ च्या मार्चमध्यें इमर्शनशीं तडजोड झाली, आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत हालचालीची सोय व कंप दोन्ही सुखानें एकत्र नांदणारा कंट्रोलर सोनीनें जाहीर केला! एवढी मोठी शास्त्रीय अडचण सहा महिन्यांत कशी निवारली, हें सुज्ञ वाचकांनींच ओळखावें.

आमच्या कळव्यास निवृत्त मंडळींच्या कट्ट्यावर मीं हा वृत्तान्त सांगितला, तेव्हां एका वयोवृद्ध स्नेह्यांनीं आपला उजवा हात पुढें केला. त्या हातास अलीकडे कंप असतो. "मास्तर, मला नोटीस यावयास किती दिवस लागतील?" त्यांनीं विचारलें. दुसऱ्यांचा दावा याहून मोठा होता. लोकलच्या दारांत उभें राहून चाळीस वर्षें जी थरथर अंगीं मुरविली, तिच्यावर पहिला हक्क कळवेकरांचा, असें त्यांचें म्हणणें पडलें. शेजारच्या वहिनींच्या कानीं ही वार्ता जातांच त्यांनीं पुरणपोळीची निकड काढली: दुसरा कोणी अर्ज करण्यापूर्वीं आपणच करून टाकावा.

हंसणें सोपें आहे, पण पेटंट म्हणजे काय हें एकदां पाहावें. आपल्या शासकीय परिभाषेंत त्यास ‘एकस्व’ असें सुबक नांव आहे. पेटंटाच्या कागदांत आकृत्या व वर्णनें पुष्कळ असतात. पण जीव असतो तो शेवटच्या दाव्यांच्या वाक्यांत. ‘अमुक अमुक गुणांनीं युक्त असें जें यंत्र, तें माझें,’ असा त्या वाक्याचा घाट. ज्यांनीं लहानपणीं अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह घोकला असेल, त्यांस याची तत्काळ ओळख पटेल. हें लक्षण आहे! गाईचें लक्षण ‘शिंगें असणें’ असें केलें, तर म्हैसही गोठ्यांत शिरते, ही अतिव्याप्ति. ‘कपिल वर्ण’ असें केलें, तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ति. ‘एक खूर असणें’ म्हटलें तर एकही गाय सांपडत नाहीं; हा असंभव. पेटंट लिहिणाऱ्या वकिलाची कोंडी हीच. लक्षण रुंद झालें तर प्रतिपक्ष कोठून तरी जुनी म्हैस आणून न्यायालयांत उभी करतो. अरुंद झालें तर प्रतिस्पर्धी गाईस निराळा रंग फांसून ती उजळ माथ्यानें घेऊन जातो.

आयलाइफ नांवाच्या अमेरिकन कंपनीजवळ शरीराची हालचाल ओळखणाऱ्या यंत्राचें पेटंट होतें. म्हातारें माणूस पडलें कीं सूचना मिळावी, हा त्याचा एक उपयोग. या पेटंटाच्या बळावर तिनें निन्टेंडोच्या ‘वी’ या खेळावर फिर्याद केली, कारण त्याचा कंट्रोलरही हालचाल ओळखतो. २०१७ सालीं डॅलस येथील ज्यूरीनें तिला १ कोटि १ लक्ष डॉलर देवविले. २०२० सालीं न्यायाधीशांनीं तो निकाल फिरविला. माहिती गोळा करणें, तिच्यावर संस्कार करणें व ती पाठविणें ही केवळ अमूर्त कल्पना आहे, असें त्यांनीं ठरविलें. २०२१ सालीं अपिलांतही तेंच कायम झालें. अतिव्याप्तीचें याहून स्वच्छ उदाहरण वर्गांत देतां आलें नसतें. आमच्या वयाच्या माणसास मात्र या गमतींत थोडी हळहळही वाटते. पडणाऱ्या म्हाताऱ्याकरितां योजलेल्या युक्तीचा मोबदला मुलांच्या खेळांत शोधावा लागला, आणि तोही हातीं आला नाहीं.

आपल्याकडील हळदीचें प्रकरण बहुतेकांस ठाऊक आहे. हळदीनें जखम भरून काढण्याचें पेटंट १९९५ सालीं अमेरिकेंत एका विद्यापीठास मिळालें, आणि मूळचे गोव्यांतील माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर ज्या संस्थेचे प्रमुख होते त्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनें तें १९९७ सालीं रद्द करविलें. जुनी म्हैस म्हणून या खेपेस प्रत्यक्ष संस्कृत ग्रंथ साक्षीस गेले होते.

परंतु खरी झुंज पुण्याच्या बजाज ऑटोची. लहान इंजिनाच्या एकाच सिलिंडरांत दोन स्पार्क प्लग बसवून, दोन ठिणग्यांनीं इंधन लवकर व पुरतें जाळण्याच्या युक्तीसाठीं या कंपनीनें २००२ च्या जुलैंत अर्ज केला. २००५ सालीं पेटंट मिळालें. २००७ सालीं दक्षिणेंतील टीव्हीएस कंपनीनें ‘फ्लेम’ नांवाची दोन प्लगांची गाडी जाहीर केली आणि प्रकरण मद्रासच्या उच्च न्यायालयांत गेलें. टीव्हीएसचें उत्तर दुहेरी होतें. आमच्या इंजिनास व्हॉल्व्ह तीन, तुमच्या इंजिनास दोन. शिवाय दोन प्लगांची कल्पना होंडाच्या जुन्या पेटंटांत आहेच. म्हणजे एकाच कैफियतींत गाईचा रंगही निराळा आणि जुनी म्हैसही हजर!

२००८ च्या फेब्रुवारींत न्यायालयानें मनाई केली. तेव्हां टीव्हीएसनें एक प्लग काढून ‘फ्लेम’ विकावयास आणली; सोनीनें कंप काढला, तसाच हा प्रकार. २००९ च्या मे महिन्यांत खंडपीठानें मनाई उठविली. सप्टेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें, असले दावे वर्षानुवर्षें पडून राहतात व सारी लढाई तात्पुरत्या मनाईवरच होते, याबद्दल नापसंती दर्शविली. टीव्हीएसनें विक्री करावी पण चोख हिशेब ठेवावा, आणि मूळ दावा ३० नोव्हेंबरपर्यंत निकालांत काढावा, असा हुकूम दिला.

दोन्ही कंपन्यांची तडजोड झाली ती २०१९ च्या ऑक्टोबरांत. पेटंटाचें आयुष्य अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षें. त्यांतील सतरा सरलीं होतीं. आणि ‘फ्लेम’ तर, एका प्लगाची असो वा दोन प्लगांची, तोंवर बाजारांतून केव्हांच नाहींशी झाली होती.