जॅझला निवेदक हवाच

इंटरनेटवर स्वतःचा जॅझ रेडिओ कार्यक्रम सुरू करायला आज फारसं काही लागत नाही. संगणक, बरा मायक्रोफोन आणि आइसकास्टसारखं मोफत सॉफ्टवेअर एवढ्यावर काम भागतं. 128 केबीपीएस दराने तासभर ऐकायला एका श्रोत्यामागे साधारण 58 एमबी डेटा जातो. वीस श्रोते धरले तरी सव्वा जीबीच्या आत. तेव्हा अडचण साधनांची नाही. अवघं जॅझ मोबाइलवर मिळत असताना ही हौस कशाला, हा खरा आक्षेप आहे. त्याचं उत्तर असं की, जॅझमध्ये काय वाजतंय याइतकंच कोण वाजवतंय हे महत्त्वाचं असतं, आणि नेमकं तेच गाणी ऐकवणाऱ्या अॅपमध्ये हरवतं.

ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांचा 1959चा ‘काइंड ऑफ ब्लू’ हा अल्बम घ्या. मुखपृष्ठावर नाव त्यांचं, पियानोवर बहुतेक ठिकाणी बिल इव्हान्स. ‘फ्रेडी फ्रीलोडर’ या बारा मात्राखंडांच्या ब्लूजवर मात्र विंटन केली बसले आहेत आणि मूळ धून संपताच पहिला सोलोही त्यांचाच आहे. निवेदकाने एवढं सांगून आधी केलींचा खेळकर पियानो आणि मागोमाग त्याच अल्बममधल्या ‘सो व्हॉट’मधला इव्हान्स यांचा मोजका, राखून वाजवलेला पियानो ऐकवला, तर नवख्या कानालाही फरक कळतो.

‘अॅपही ओळीने गाणी सुचवतंच की’, असं कुणी म्हणेल. सुचवतं, पण का सुचवलं ते सांगत नाही. अमेरिकन जॅझवादक लुई आर्मस्ट्राँगनंतर ‘अलबेला’ या हिंदी चित्रपटातलं (1951) गाणं लावण्यामागे कारण असतं: गोव्यातल्या हळदोण्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट आर्मस्ट्राँगच्या शैलीत वाजवत आणि या चित्रपटात ते संगीतकार सी. रामचंद्र यांचे साहाय्यक होते. असा धागा जोडण्याची ताकद विलिस कोनोव्हर यांनी दाखवून दिली. 1955 पासून सुमारे चार दशकं ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’वरून सावकाश, सुटसुटीत इंग्रजीत बोलत त्यांनी पूर्व युरोपातही जॅझचा श्रोता घडवला.

कायद्याचा आक्षेप अधिक वजनदार आहे. भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क ढोबळमानाने प्रकाशनानंतर 60 वर्षांनी संपतो; रचनेवरचा हक्क मात्र रचनाकाराच्या निधनानंतर 60 वर्षं टिकतो. डेव्हिस 1991 मध्ये वारले, म्हणजे 1959ची तबकडी जुनी झाली तरी त्यांच्या रचना मोकळ्या झालेल्या नाहीत. शिवाय रेडिओसाठीचा वैधानिक परवाना इंटरनेट प्रसारणाला लागू नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने 2019 मध्ये म्हटलं आणि 2022 मध्ये खंडपीठाने ते कायम केलं. परदेशी श्रोता आला की तिथले नियमही आले. म्हणून हौशी माणसाने स्वतःचा सर्व्हर चालवण्यापेक्षा मिक्सक्लाउडसारख्या, हक्कधारकांशी करार केलेल्या मंचावर कार्यक्रम ठेवणं शहाणपणाचं.

उरला प्रश्न श्रोत्यांच्या संख्येचा. जाहिरातीवर जगणाऱ्या केंद्राला तो छळतो. हौशी निवेदकाला पंधरा जणही पुरतात, कारण त्याला कुणाला खूश ठेवायचं नसतं. अर्ध्या तासात पाच रचना, प्रत्येकीआधी मिनिटभर बोलणं आणि वादकांची नावं न चुकता सांगणं, एवढं पथ्य पाळलं तरी कार्यक्रम उभा राहतो. बोलायचंच नसेल, नुसती गाणी लावायची असतील, तर मात्र या खटाटोपात पडू नये. ते काम अॅप अधिक स्वस्तात करतं.