मुलांनीं शर्यतीचे खेळ खेळावे काय ?

मोटारींच्या शर्यतीचा व्हिडिओ गेम मुलांच्या हातीं द्यावा कीं न द्यावा, हा प्रश्न आतां मुंबई-पुण्यापुरता राहिलेला नाहीं; आमच्या वाशीम जिल्ह्यांतहि तो घरोघरीं उपस्थित झाला आहे. आजोबा म्हणतात, यानें मुलें बिघडतील. सूनबाई म्हणतात, खेळच आहे, खेळूं द्या. दोन्ही पक्षांत सत्याचा अंश आहे.

शर्यतीची आवड आपणांस परकी नव्हे. वाजपेय यज्ञांत सतरा रथांची शर्यत विहित आहे; आणि ज्या वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आजचें वाशीम, येथें होती, त्या वंशांतील पहिल्या प्रवरसेनानें हा यज्ञ केल्याचा उल्लेख ताम्रपटांत आहे. विदर्भांतला शंकरपट तर सर्वांच्या परिचयाचा. सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं बैलांच्या शर्यतींस मनाई केली. पुढें राज्यानें केलेली कायद्याची दुरुस्ती १८ मे २०२३ रोजीं घटनापीठानें वैध ठरविली. मधल्या काळांत लोकांची आवड कांहीं मेली नाहीं. आवडीस मर्यादा हवी, हेंच यावरून दिसतें.

शिवाय, शर्यतीचे सर्व खेळ सारखे नसतात. २०१२ सालीं फिनलंडमध्यें निघालेल्या ‘हिल क्लाइंब रेसिंग’मध्यें चढउतारांवर गाडीचा तोल व इंधन सांभाळावें लागतें, अविचारानें वेग वाढविला कीं गाडी उलटून डाव संपतो. उलट, १९९१च्या ‘रोड रॅश’मध्यें शेजारच्या मोटारसायकलस्वारास मारून खालीं पाडणें हेंहि कौशल्यच ठरतें. यूरोपांतील ‘पेगी’ ही वर्गीकरणसंस्था ‘मारिओ कार्ट ८’ तीन वर्षांच्या मुलासहि योग्य मानते, परंतु ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ५’ या खेळास १८ वर्षांची अट घालते. दोहोंतहि मोटारी पळतातच ! तेव्हां नांव किंवा चित्र पाहून निर्णय करूं नये. वडील माणसानें एक डाव स्वतः खेळून पाहावा.

‘फुकट’ म्हणविणाऱ्या खेळांत नवी मोटार विकत घेण्याचा मोह पदोपदीं असतो. पैसे लावून खेळण्याचे ऑनलाइन डाव २०२५च्या केंद्रीय कायद्यानें निषिद्ध केले. पण हा मोह घरच्यांनींच आवरावयाचा आहे. यासाठीं मोबाईलवरील पैशाच्या व्यवहाराची गुप्त संख्या मुलांस ठाऊक नसावी.

परंतु खरें संकट पडद्याबाहेर आहे. समृद्धि महामार्ग आमच्याच जिल्ह्यांतून जातो. त्यावर मोटारींस ताशीं १२० किलोमीटरपर्यंत वेगाची मुभा आहे. पडद्यावर उलटलेली गाडी क्षणांत पुन्हां उभी राहते, रस्त्यावरची राहत नाहीं. १९ मे २०२४ रोजीं पुण्याच्या कल्याणीनगरांत मोटारीच्या धडकेनें दोन तरुण अभियंते मृत्यु पावले. मोटार १७ वर्षांचा मुलगा चालवीत होता, असा आरोप आहे. मोटार वाहन कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीप्रमाणें अशा प्रसंगीं पालकांस ३ वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊं शकतो. तरीहि खेळास नांवें ठेवणारीं कित्येक घरें चौदा वर्षांच्या मुलास शिकवणीला जाण्यासाठीं स्कूटरची किल्ली देतात, यास काय म्हणावें ?

म्हणून, निवडलेला खेळ, बैठकीच्या खोलींत, अभ्यासानंतर, ठराविक वेळ खेळूं द्यावा. त्यांत फारसा अपाय नाहीं. किल्ली मात्र परवाना मिळेपर्यंत वडिलांच्याच खिशांत राहावी.