बर्फावरचे भविष्य

आमच्या घरी दिवाळी अंक आला, की पहिली झडप वार्षिक भविष्यावर! अमेरिकेतल्या कॉलेजांतही हाच प्रकार. तिथे बर्फावरच्या हॉकीचा हंगाम ऑक्टोबरात सुरू होतो; त्याआधीच प्रशिक्षक मते देऊन संघांची क्रमवारी लावतात.

पण खेळ कुंडली मानीत नाही. २०१३ साली राष्ट्रीय स्पर्धेतल्या सोळा संघांत येलला जेमतेम जागा मिळाली. अंतिम सामना क्विनिपिॲकशी. त्या हंगामात येल त्यांच्याकडून तीनदा हरलेले. तरी येल ४-० ने जिंकले!

हे वाचले आणि मी ओशाळलो. वर्ष सुरू होतानाच वर्गातल्या एका मुलाला मी मनातल्या मनात नापास करून टाकले होते. वाचकहो, ती क्रमवारी मी पुसली आहे.