गायीची सोनोग्राफी: स्क्रीनवरचा तो काळा गोल म्हणजे काय?

आमची एचएफ गाय व्यायल्याला तीन महिने होत आले, तरी माजावर येत नव्हती. दीड महिन्यापूर्वी एकाने काहीही न तपासता ‘माजाचं इंजेक्शन’ टोचलं. पैसे गेले, गाय तशीच. मग दहा दिवसांपूर्वी जनावरांचे डॉक्टर सोनोग्राफी मशीन घेऊन आले आणि मी लगेच फोन काढून शूटिंग सुरू केलं.

मशीन म्हणजे टॅबएवढी स्क्रीन आणि वायरला जोडलेला बोटभर प्रोब. गाय खोड्यात उभी, डॉक्टरांचा हात खांद्यापर्यंत ग्लोव्हमध्ये. आधी शेण काढलं, मग त्याच वाटेने प्रोब आत. गर्भाशय आणि अंडाशय तिथून अगदी जवळ असतात.

प्रोबमधले क्रिस्टल थरथरून लहरी सोडतात आणि परत येणारा प्रतिध्वनी टिपतात. या लहरी साधारण ५ ते ७.५ मेगाहर्ट्झच्या, आपल्याला ऐकू येतं जेमतेम २० किलोहर्ट्झपर्यंत. म्हणजे ‘नुसत्या मोबाईलने गाभण तपासा’ असं कुणी म्हणालं तर सरळ दुर्लक्ष करा. वायफायचे प्रोब असतात, पण त्यात फोन फक्त स्क्रीनचं काम करतो.

आता चित्र. पाण्यातून लहर आरपार जाते म्हणून पाणी काळं दिसतं, मांसल भाग करडा. फॉलिकल म्हणजे अंडाशयावरचा पाण्याचा फुगा, म्हणून काळा गोल. बाबांनी विचारलं, “हे अंडं का?” नाही. अंडं त्याच्या आत असतं, पण इतकं बारीक की स्क्रीनवर दिसतच नाही.

२१ दिवसांच्या चक्रात फॉलिकलच्या दोन-तीन लाटा येतात. एक मोठा होतो, बाकीचे विरतात. त्यामुळे एकाच फोटोवरून निकाल देता येत नाही. गोल २५ मिलिमीटरच्या पुढे गेला आणि फुटतच नसेल, तर सिस्टची शंका.

आमच्या गायीच्या डाव्या अंडाशयावर बारीक काळे ठिपके होते. उजव्यावर मात्र करडा गोळा, कॉर्पस ल्युटियम. अंडं सुटल्यावर त्या जागी हा बनतो. डॉक्टर म्हणाले, “गाय माजावर येऊन गेली, तुम्हाला कळलंच नाही.” मुका माज! बाबा गप्प.

खरी गोम इथेच आहे. प्रोस्टाग्लँडिनचं इंजेक्शन हाच गोळा विरघळवतं. गोळाच नसेल तर ते वाया, अगदी नवा असेल तरी उपयोग नाही. आणि गाय गाभण असेल तर गर्भ याच गोळ्याच्या जिवावर टिकलेला असतो. टोचलं की गाभडण्याचा धोका. म्हणून डॉक्टरांनी आधी गर्भाशय पाहिलं, मगच सुई काढली.

चौथ्या दिवशी काचेसारखा सोट दिसला, संध्याकाळी गाय भरवली. गाभण आहे का ते साधारण ३० दिवसांनी सोनोग्राफीत कळेल. फोनमध्ये रिमाइंडर लावलाय. बाबा रोज विचारतात, अजून किती दिवस?